कर्नल क्वॉरिच यांना अनावृत पत्र

कर्नल माइल्स क्वॉरिच यांस,
स. न. वि. वि.

2009 साली 'अवतार'मध्ये पँडोरावरच्या नेतिरीचे दोन बाण छातीत घेऊन आपण वारलात. रीतसर, आमच्या डोळ्यांदेखत. आणि 2022 साली 'द वे ऑफ वॉटर'मध्ये पाहतो तर निळ्या कातडीत, शेपटीसकट, जुन्या आठवणी जशाच्या तशा घेऊन आपण हजर! वर स्वतःचीच कवटी मुठीत चुरडलीत. तेरा वर्षांत नवा खलनायक सुचला नाही, ही लेखकांची अडचण ओळखून आपण धावून आलात. आभार.

या दुसऱ्या भागातल्या पाण्याबद्दल तक्रार नाही. बुडबुड्यांनी चित्रीकरणाचा घोळ होतो म्हणून कलाकारांना श्वास रोखायला शिकवलं. केट विन्स्लेटबाईंनी तो सात मिनिटांहून जास्त रोखला. वरचा उजेड आत शिरू नये म्हणून टाकीवर पांढरे गोळे तरंगत ठेवले. ओल्या कातडीवरून निथळणारा थेंब न् थेंब खरा वाटतो. ऑस्कर मिळालं, मिळायलाच हवं होतं. फक्त एक शंका: कथेलाही त्याच टाकीत सोडलं होतं का? तीन तास बारा मिनिटांत ती एकदाही श्वास घ्यायला वर आली नाही.

आठवतं का, तुमची माणसं पँडोरावर परतली ती पृथ्वी मरायला टेकली म्हणून! अख्ख्या मानवजातीला घर हवं होतं. केवढी गोष्ट होती ती! आणि तुम्ही? तुमची बाजू सोडून पँडोरावासी झालेल्या एका जेक सलीशी जुनं वैर, म्हणून गावोगाव झोपड्या जाळत हिंडलात. पहिल्या भागातलं अनऑब्टेनियम हे मौल्यवान खनिज आता कुणाच्या लक्षातही नाही. आता तुल्कुन या देवमाशासारख्या प्राण्याच्या मेंदूतलं, म्हातारपण थांबवणारं अमृत. मंथनाची खटपट नको, डोक्याला थेट गिरमिट. आणि जेकची मुलं धरायची, बांधायची, सोडवायची, पुन्हा धरायची. शेवटी त्याची धाकटी मुलगी टुकच 'पुन्हा बांधलं!' असं वैतागून बोलून दाखवते. पटकथेचं याहून नेमकं परीक्षण मी तरी वाचलेलं नाही.

तो वाळीत टाकलेला तुल्कुन, पायाकान बघा. बिचाऱ्याला संवाद किती थोडे, पण गोष्ट आहे ती त्याच्याचकडे. (त्याला नायक करा, असं सुचवणार होतो; पण मग तुम्ही काय करणार?)

आपला,
एक प्रेक्षक

ता. क. बुडताना तुम्हाला पाण्यातून ओढून काढलं म्हणून तुमच्या मुलावर, स्पायडरवर रागावू नका. तिसऱ्या भागाचं चित्रीकरण दुसऱ्याबरोबरच चालू होतं. पोराला ते ठाऊक असणार.