एअर धरलीया!

कृष्णाकाठच्या गावात इंजिन बंद पडलं की मालकाच्या आधी ज्याच्या कानाला ते कळतं, तो माणूस म्हणजे इंजिनवाले तात्या. खरं नाव काहीही असो. साठीच्या पुढचं वय, पायजम्याच्या खिशात दहा-अकराचा पाना, आणि निदान एकच, "एअर धरलीया," म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा शिरलीय. उसाला पाणी पाजणारं इंजिन असो, ट्रॅक्टर असो, वरातीतल्या बेंजोचा जनरेटर असो, तात्या आधी निदान सांगतात आणि मग गाडी कुठली ते विचारतात. दुःख एवढंच की दहातल्या सात वेळा ते बरोबर निघतं.

हा माणूस नेमका याच मुलखात का उगवला, याला कारण आहे. साताऱ्यात धनजीशा कूपरांनी १९२२ साली कारखाना काढला. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते (तेव्हा मुख्यमंत्र्याला तसंच म्हणत), पण तात्यांच्या लेखी ती किरकोळ बाब. माणूस इंजिनं करायचा हे खरं. तिकडं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, नांगर घडवले, आणि १९४६ साली याच घराण्याचा ऑइल इंजिनांचा कारखाना पुण्यात उभा राहिला. त्यामुळे साताऱ्याचे तात्या कूपरचे आणि सांगलीचे तात्या किर्लोस्करचे. यात मधला पंथ नाही. आमच्या तात्यांचे व्याही पलूसकडचे, म्हणजे किर्लोस्करचे. पोरांचं लग्न ठरलं त्या बैठकीत मानपानावरून एक शब्द वाकडा गेला नाही. पण थंडीत पहिल्या हँडलला कुठलं इंजिन चालू होतं, यावरून बैठक मोडायचीच राहिली. रुडॉल्फ डिझेल १९१३ साली इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसा झाला, ही हकीकत मी एकदा दोघांना सांगितली. तात्यांनी एवढंच विचारलं, "त्या बोटीला इंजिन कुणाचं व्हतं?" व्याह्यांनी मान खाली घातली, जणू त्यांच्याच घराण्यावर आळ आला होता.

सध्या तात्यांची सुगी वाईला असते. 'गंगाजल', 'स्वदेस', 'दबंग', 'चेन्नई एक्सप्रेस' असं सगळं वाई आणि मेणवलीच्या आसपास चित्रित झालं, आणि शूटिंग आलं की व्हॅनिटी व्हॅन आल्या. घरच ते, चाकांवरचं: पलंग, फ्रिज, एसी, बल्ब लावलेला आरसा. या सगळ्याचा जीव पोटाखालच्या डिझेल जनरेटरात. तो अर्धा तास छान चालतो, मग आवाज खालीवर होऊ लागतो, दोन उचक्या देतो आणि गप्प. आत नटाचा मेकअप वितळायला लागतो. मुंबईचा ड्रायव्हर बटण दाबतो, पडद्यावर कसलासा आकडा उमटतो, आणि तेवढ्यात वडाच्या पारावरून आवाज येतो.

"आरं, आकडा काय बघतुयास? डिझेल बघ. एअर धरलीया."

ड्रायव्हर म्हणतो, "काका, कंपनीचा माणूस येतोय."

"येऊ दे की. तवर आपण चालू करू."

तात्यांचं काम बघण्यासारखं असतं. ते आधी टाकीचं झाकण फिरवतात आणि कान लावतात. सुस्स झालं, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय. डिझेल कमी होईल तशी टाकीत पोकळी धरते आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. अशा वेळी झाकण सैल ठेवलं तरी जनरेटर चालतो. सुस्स झालं नाही, तर फिल्टर. त्यात पाणी, शेवाळासारखी घाण, बाहेरगावच्या पंपावरचा गाळ. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार तुटू न देता स्क्रू आवळायचा. इथं पोरं हमखास घाई करतात आणि तात्यांच्या शिव्या खातात.

तरीही पुन्हा बंद पडला, तर तात्या सलाईनची नळी काढतात. ती कुठून आणलेली असते ते विचारू नये. टाकी ते पंप या वाटेत तिचा तुकडा जोडला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. "पाइप गळत न्हाई म्हणजे चांगला न्हवं," तात्या बजावतात. डिझेल ओढणाऱ्या बाजूचा चिरलेला रबरी पाइप थेंबही सांडत नाही, हवा मात्र आत घेतो. शेवटचा उपाय पाण्याच्या कॅनचा: कॅनमध्ये स्वच्छ डिझेल, त्यात नळी, थेट पंपाला. चालला तर पंप निर्दोष आणि दोष टाकीकडं. इतकी सरळ फौजदारी आमच्या कोर्टातही होत नाही.

एके दिवशी असाच कॅनवर जनरेटर झकास चालला. हवा येत होती टाकीतूनच. व्याही मुक्कामाला आलेले, ते मागून हळूच म्हणाले, "टाकीत डिझेल किती हाय?" पाव टाकी. गाडी रस्त्यात अडकू नये म्हणून काही व्हॅनमध्ये जनरेटरची नळी मुद्दाम टाकीच्या तळापासून वर ठेवतात. डिझेल तेवढ्यापर्यंत उतरलं की ती हवा ओढते, आणि गाडी मात्र मजेत चालते. दिवसभर एका जागी उभं राहून एसीनं डिझेल खाल्लं होतं. तात्यांनी व्याह्यांकडं बघितलंसुद्धा नाही. "म्हंजे एअरच की," ते म्हणाले.

तात्या पैसे घेत नाहीत. फक्त हिरोला बाहेर बोलवायला सांगतात. फोटोसाठी नव्हे, तर 'झोपायच्या आधी टाकी बघत जा' हे त्याला समोरासमोर सांगता यावं म्हणून.

राज्यानं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, तेव्हा उद्या तुम्हीही असलं चाकांवरचं घर घेऊन महाबळेश्वरला निघाल. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका, जादा फिल्टर बरोबर ठेवा. पाना मात्र आणू नका. दुसऱ्याच्या पान्याला तात्या हात लावत नाहीत.