हातात धरून तर बघा

अण्णांच्या हातात काही काळं, चकचकीत दिसलं की परभणीतली शहाणी माणसं रस्ता बदलतात. मला ते वेळेवर जमत नाही. परवा एका लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना अण्णा गर्दीतून वाट काढत आले आणि त्यांनी सफारीच्या खिशातून एक काळा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "धरा. धरून तर बघा." मी धरला. अक्षता सांडल्या. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत उभे. त्यांना हवं असलेलं उत्तर अख्ख्या गावाला पाठ आहे: "अरे वा, काय हलकं आहे!" तेवढं म्हटलं की सुटका. मी म्हटलंही. पण शेजारच्या मामांनी वाकून बघितलं आणि विचारलं, "प्लास्टिकचं हाय का?"

नवरा-नवरीनं एकमेकांना हार घातले तेव्हा मामा कार्बन फायबरच्या तिसऱ्या प्रकरणात होते.

अण्णांकडे वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, चाळीसेक अश्वशक्तीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ. हिच्या बहिणी मुंबईत टॅक्सी म्हणून जन्मभर राबल्या. २०२३च्या ऑक्टोबरात काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून उतरल्या, तेव्हा मुंबईकर हळहळले, त्यांनी फोटो काढले आणि ते मोकळे झाले. अण्णांनी बॉनेट उघडलं.

पाटबंधारे खात्यात सिमेंटच्या गोण्या मोजण्यात हयात घालवलेला हा माणूस निवृत्तीनंतर ग्रॅम मोजायला लागला. बॅटरीखालचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा, रेडिएटरच्या पंख्याभोवतीचं कडं, टॅपेट कव्हर, बॉनेटखालचं जे जे सुटं होईल ते ते कार्बनचं करायचं. का, तर गाडी हलकी व्हावी. गाडीचं वजन नऊशे किलोच्या आसपास. अण्णांनी आजवर वाचवलं साडेतीन किलो. गेल्या महिन्यात गंगाखेडहून येताना त्यांनी टपावर ज्वारीची दोन पोती टाकून आणली. मी नुसतं पोत्यांकडे बघितलं. "ते लोड आहे," अण्णा म्हणाले. "मी गाडीच्या वजनाबद्दल बोलायलोय."

हे सगळं ऐकताना १९८१ साल टळत नाही. त्या वर्षी मॅकलारेननं कार्बन फायबरच्या सांगाड्याची गाडी फॉर्म्युला वनमध्ये उतरवली. मोंझाच्या शर्यतीत जॉन वॉटसनची गाडी आदळून मागून तुटली आणि वॉटसन धडधाकट बाहेर आला. अण्णा हे असं सांगतात की कठड्यापाशी जणू तेच उभे होते. तेच १९८१ साल आपल्याकडे पद्मिनीचा नंबर लागायची वाट बघण्यात गेलं, असं कुणी म्हटलं की अण्णांना ऐकू येत नाही.

एक डबा व्हायला दोन-अडीच महिने लागतात. आधी मूळ भागावरून साचा काढायचा. त्याला फरशीचं मेण चोळायचं. मग काळं कापड, त्यावर रेझिन, त्यावर पुन्हा कापड. शेवटी सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतली हवा ओढून घ्यायची, म्हणजे थर एकमेकांना घट्ट बसतात. हवा ओढायला जुन्या फ्रिजचा कंप्रेसर आहे. आता रेझिनची खोड अशी की उष्मा वाढला की ते भराभर घट्ट होतं. दहा अंश वाढले की हातातला वेळ निम्मा. मे महिन्यात परभणीचा पारा चव्वेचाळीसला टेकतो, तेव्हा दुपारी मगातलं रेझिन मगातच धुमसायला लागतं. म्हणून अण्णा पहाटे चारला कामाला बसतात. आमच्या गल्लीत उन्हाळा कोकिळेनं कळत नाही, कंप्रेसरनं कळतो.

पहिलं टॅपेट कव्हर साध्या रेझिनचं होतं. इंजिन तापलं तसं ते मऊ पडलं आणि कडेनं तेल गळायला लागलं. मग उष्णता सोसणारं रेझिन आलं. ते सावकाश भाजून पक्कं करावं लागतं, म्हणून प्लायवुडच्या पेटीत पिवळे बल्ब लावून भट्टी झाली. वहिनींनी त्या पेटीबद्दल एकच प्रश्न विचारला: "यात कुरडया वाळतील का?"

बॅटरीच्या ट्रेची तऱ्हा निराळीच. कार्बनमधून वीज वाहते हे अण्णांना माहीत होतं, पण ते त्यांना ठिणगी उडाल्यावर आठवलं. गॅरेजचे चाचा दोन पावलं मागं सरकून म्हणाले, "साब, गाडी तो हल्की हुई नहीं, जेब हो गई." आता ट्रेच्या आतून काचतंतूचा थर आहे.

खरं अडलं होतं ते कोपऱ्यावर. एअर फिल्टरच्या डब्याच्या गोलाईवर कापडाला चुणी पडायची आणि तिरप्या विणीची ती सुंदर रेघ मोडायची. कितीतरी महाग कापड वाया गेलं. एक दिवस वहिनी चहा ठेवायला आल्या, त्यांनी कापड दोन बोटांत धरून ताणून बघितलं आणि म्हणाल्या, "उरेब कापा ना. ब्लाउजच्या पायपिनीला नाही का कापत?" अण्णांनी उरेब कापलं. चुणी गेली. आज त्या कोपऱ्याचं श्रेय अण्णा मॅकलारेनला देतात.

एसटी स्टँडवर, बँकेच्या रांगेत, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना, इतकंच काय पण एका दहाव्याला नदीकाठी, कावळ्याची वाट बघत बसलेल्या मंडळींत, अण्णांनी "धरा" म्हटलेलं आहे. सगळ्यांनी धरलं. सगळ्यांनी विचारलं, "प्लास्टिकचं का?"

मी एकदा चिडून तो डबा उलटा केला. म्हटलं, चमक वरची, आतून कसा आहे बघू. आतून तो बाहेरच्याइतकाच नेटका होता. कडा पाण्यात घासून गोल केलेल्या, वीण सरळ, रेझिनचा एक थेंब कुठं ओघळलेला नाही. मुळात बॉनेटखाली कुणी बघत नाही; तिथल्या डब्याच्या पोटात तर फिल्टरशिवाय कुणी जात नाही. वर्षभरात उखडणाऱ्या रस्त्यांच्या या मुलखात एवढं निगुतीनं झालेलं काम मी फार दिवसांनी बघत होतो. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर रात्रीचं जेवण तिथंच झालं असतं.

यंदा पावसाळ्यात मानवतकडचा एक शेतकरी त्यांच्या दारात आला. पाठीवरच्या फवारणी पंपाची चौकट मोडली होती आणि वेल्डिंगवाल्यानं तिला लोखंडी पट्ट्या ठोकून दिल्या होत्या. "तुम्ही हलकं करून देता म्हणं." अण्णांनी हिशेब मांडला. पंपात पाणीच सोळा लिटर, म्हणजे सोळा किलो. चौकट बदलून वाचणार अर्धा किलो. कापडाचा खर्च एवढा. परवडत नाही. कार्बनच्या विरोधात बोलताना मी अण्णांना प्रथमच ऐकत होतो.

"अर्धा किलो दिवसभर पाठीवर असतो, साहेब," तो म्हणाला.

अण्णा गप्प झाले. कापसाला कितीदा फवारावं लागतं, दिवसाला किती पंप होतात, पट्टा खांद्याला कुठं काचतो, हे त्यांनी एकेक करून विचारून घेतलं. मग आठवडाभर पद्मिनीचं बॉनेट बंद होतं. चौकट झाली. पैसे त्यांनी घेतले नाहीत. वहिनींनी मात्र शेंगा ठेवून घेतल्या. त्या माणसानं चौकट हातात धरली नाही. पंप भरून घेतला, पाठीवर चढवला, अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "फरक पडतोय." कशाची केली, हे त्यानं विचारलंच नाही.

या प्रकारानं अण्णा सुधारतील अशी गल्लीची भाबडी आशा होती. झालं उलटंच. आता ते तुकडा हातात देत नाहीत. पाठीवर सोळा लिटरचा भरलेला पंप चढवतात, आधी लोखंडी चौकटीचा, मग कार्बनचा, आणि दोन्ही वेळा कोपऱ्यापर्यंत चालून यायला लावतात. काल मी गेलो होतो. फरक पडतो.