जीपमधले काका, होडीतले काका

मुरूड-जंजिऱ्याची सहल म्हटली की लोक किल्ल्याबद्दल बोलतात, आणि त्यात गैर काही नाही. भर समुद्रात २२ एकरांचा पसारा, १९ बुरूज, कलालबांगडीसारखी अजस्र तोफ आणि खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याचे तलाव, म्हणजे बोलायला भरपूर आहे. पण सहकुटुंब जाणाऱ्याने किल्ल्याआधी वाहनांकडे बघावं. घरातली उतरंड जीप जशीच्या तशी उचलून राजपुरीच्या धक्क्यापर्यंत आणते आणि पुढची होडी ती काही मिनिटांत मोडीत काढते, असं माझं म्हणणं आहे.

आधी जीपचा पुरावा. भाड्याच्या दहा आसनी गाडीत कोणी कुठे बसायचं याची चर्चा होत नाही, ते ठरलेलंच असतं. ड्रायव्हरशेजारी काका, कारण त्यांना ‘मागे मळमळतं’. हा विकार पन्नाशीनंतर फक्त घरच्या कर्त्या पुरुषाला जडतो, असं दिसतं. मधल्या सीटवर आजी, आत्या आणि जावईबापू. खिडकी अर्थातच जावईबापूंची. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर मुलं, पाण्याचा जार, चटया आणि धाकटी सून. तिच्या मांडीवर बटाट्याच्या भाजीचा डबा, कारण खाली ठेवला तर तेल सांडतं. साळावचा पूल ओलांडल्यावर कोर्लई, काशीद, नांदगाव अशी वळणं लागतात, तेव्हा ज्यांना खरोखरच गाडी लागते ती हीच मागची मंडळी. आवळासुपारी मात्र पुढच्या कप्प्यात असते. ती मागे पोचेपर्यंत निम्मी झालेली असते. काका ड्रायव्हरला रस्ता सांगत असतात. किनाऱ्याने मुरूडला जायला हा एकच रस्ता आहे, तरी सांगतात.

राजपुरीहून अजूनही शिडाच्या होड्या सुटतात आणि तिथे तांडेल वय, मान, नातं यांतलं काहीही विचारत नाही. तो वजन बघतो. शिडात वारा भरला की होडी एका अंगाला कलते, म्हणून भार दुसऱ्या अंगाला लागतो. हे गणित फार जुनं आहे आणि त्यात जावयाला सूट नाही. “काका, तुम्ही मधे. खाली बसा. हात आत घ्या,” एवढ्या तीन वाक्यांत सकाळपासूनचं राज्य संपतं. सून अंगाने हलकी, म्हणून तिला पुढचं टोक मिळतं, आणि डबा सरकत सरकत काकांच्या पायांत येतो. उतरताना तर कहरच. दरवाज्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या, लाटेबरोबर होडी वर येते, खलाशी दंड धरून “आता!” म्हणतो आणि त्याच क्षणी पाय टाकावा लागतो. विचार करणाऱ्याची लाट जाते. आजी नातवाच्या आधी वर पोचते. जावईबापू तिसऱ्या लाटेला.

यावर कोणी म्हणेल, ही समता नव्हे, नुसती भीती आहे. कबूल. पण जीपमधली उतरंड तरी कशावर उभी होती? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: किल्ल्यात पाऊल पडताच काका पूर्ववत होतात. हेही खरं. दरवाज्यावर पंजांत हत्ती पकडलेल्या श्वापदाचं शिल्प दिसलं रे दिसलं की गाइडच्या आधी त्यांचं व्याख्यान सुरू होतं आणि सिद्दींचा अख्खा इतिहास चुकीच्या क्रमाने उलगडतो. मात्र परतीची होडी ठरल्या वेळी हाक मारते आणि व्याख्यान अर्ध्यावर थांबतं. म्हणजे बेटावरचं राज्यही तांडेलाच्या मर्जीनेच चालतं.

तिसरा आक्षेप सोयीचा: म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी सरळ पूल का बांधू नये? राजपुरीच्या बाजूने समुद्र बुजवून वाट काढण्याचा प्रयत्न १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी केला होता; मोगली आक्रमणामुळे तो सोडावा लागला. त्यांना किल्ला जिंकायचा होता, तेव्हा वाट हवीच होती. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, आता जिंकायचं काही उरलेलं नाही. आज पूल झाला तर फायदा एकट्या काकांचा: पुढच्या सीटवर बसून, काच खाली करून, ते थेट दरवाज्याशी उतरतील. धक्का चांगला करा, चढाउतरायला नीट पायऱ्या करा, लाइफ जॅकेट सगळ्यांना सक्तीचं करा. पूल मात्र नको.

पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून बेत दिवाळीनंतरचा ठेवा. आणि परतीच्या जीपमध्ये पुढची जागा धाकट्या सुनेला द्या, निदान काशीदपर्यंत तरी.