बिनमताचा सुवर्णकाळ

मत न देणाऱ्याला निजामपुऱ्यात आळशी समजतात, हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याच्या मनासारखं शहर साडेतीन वर्षं चाललं होतं. जून २०२२मध्ये भिवंडी-निजामपूर महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६पर्यंत निवडणूकच झाली नाही. ना नगरसेवक, ना महासभा. सगळा कारभार प्रशासकाकडे. मत देणारा आणि न देणारा एका पातळीवर आले. इतकी समता या गावाने आजवर पाहिली नव्हती. गटाराचं झाकण गेलं तर कुणाला जाब विचारायचा, हा प्रश्नही मिटला.

आमच्या आळीतल्या एका यंत्रमागवाल्या शेठची यावर पक्की मतं आहेत. द्यायची तेवढी नाहीत. "भाई, २०१७ला आपण काँग्रेसला नव्वदातल्या ४७ जागा दिल्या. डिसेंबर २०१९ला महापौर कोण झालं? चार नगरसेवकवाल्या कोणार्क विकास आघाडीच्या प्रतिभा पाटील. काँग्रेसचेच १८ जण तिकडे गेले. ४९ विरुद्ध ४१! ४७ला चार भारी पडत असतील, तर मी रांगेत उभा कशाला राहू?"

हिशेब बिनचूक आहे. फक्त २०१७च्या मतदानाच्या दिवशी, २४ मे रोजी, शेठ सहकुटुंब महाबळेश्वरला होते. ज्यांनी उन्हात उभं राहून मत दिलं त्यांचा विश्वासघात झाला. शेठचं काहीच गेलं नव्हतं. तरी सगळ्यात जास्त हळहळतात तेच.

गंमत अशी की, त्यांच्याच कारखान्यात लूम चालवणारा कामगार गावच्या परधानीच्या, म्हणजे सरपंचकीच्या, निवडणुकीला जनरल डब्यात उभ्याने पार गोरखपूरकडे जाऊन येतो. तेवढे दिवस मजुरी बुडते. शेठचं केंद्र मात्र समोरच्या शाळेत, तेही तळमजल्यावर.

यंदा १५ जानेवारीला, संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी, मतदान आलं. सुट्टी होती, लूम बंद होते. प्रभाग चार जणांचा, म्हणजे एका माणसाला चार-चार मतं. एक जड जाणाऱ्याला चार! कुणीच पसंत नसेल तर नोटा होता. २०१८पासून आपल्या राज्य निवडणूक आयोगाने त्याला काल्पनिक उमेदवार मानलं आहे. तो पहिला आला तर फेरनिवडणूक. शेठना हा उमेदवार मनापासून आवडला. पण त्यालाही मत द्यायला चप्पल घालावी लागते म्हटल्यावर तोही पडला.

खरे सुखी उमेदवार. निम्मं गाव घरी बसलं की चार मोहल्ले सांभाळले तरी भागतं. बाकीच्यांना तोंड दाखवायला नको, आणि पुढे कुठे उडी मारायची झाली तर मनवायलाही तेवढेच. त्या १८ जणांना भीती वाटायला हवी होती ती शेठसारख्यांची. पण शेठ परत फिरकणार नाहीत हे त्यांना शेठच्या आधी ठाऊक होतं.

मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर टेबल टाकून बसलेली पोरं यादीत खुणा करत असतात. कोण आलं, कोण नाही. निकाल लागला तरी ती यादी कुणी रद्दीत घालत नाही. पेव्हर ब्लॉक कुठल्या गल्लीपर्यंत न्यायचे, हे ठरवताना ती उपयोगी पडते. शेठच्या नावापुढे दुपारी चारपर्यंत खूण नव्हती. पूर्वी असं झालं की एखादा पोरगा रिक्षा घेऊन बोलवायला यायचा. या वेळी बेलसुद्धा वाजली नाही. "कटकट गेली एकदाची," शेठ म्हणाले आणि तिळगुळाचा डबा माझ्यापुढे सरकवला.