सात बहिणी आणि दोन साडू

गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही. मुंबईकडे जा की हावड्याकडे, खारं पाणी दिसायला एक अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते. एवढी सरळ गोष्ट आमच्या साडूभाऊंना मान्य नव्हती. ते राहतात इंग्लंडात, ससेक्सच्या किनाऱ्याला. शनिवार-रविवार सायकल दामटतात. दिवाळीला सासुरवाडीला आले, ते गोंदिया स्टेशनावर उतरल्या उतरल्या म्हणाले, "मास्तर, इथला कोस्टल रूट कोणता?"

मी म्हटलं, "आधी घरी चला. फराळ करा. किनाऱ्याचं नंतर बघू."

फराळ बाजूला राहिला आणि मोबाइल निघाला. सीफर्डहून ईस्टबोर्नकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना हिरव्या उतरणी आणि पलीकडे समुद्रात सरळ कोसळणारे खडूचे पांढरेफेक कडे. त्यातला बीची हेड म्हणे १६२ मीटर उंच. आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्रातल्या सूक्ष्म जीवांची कवचं तळाशी साचत गेली, त्याचा हा खडू. आमचीही उभी नोकरी खडूतच गेली, पण आमच्या शेजारी उभं राहून फोटो काढावा असं कुणाला वाटलं नाही. पुढच्या फोटोत ओळीनं कडे होते. त्यांचं नाव सेव्हन सिस्टर्स. मी सवयीनं मोजले. उंचवटे आठ भरले.

"साडूभाऊ, हे आठ आहेत."

"आठवा धरत नाहीत."

गणिताच्या मास्तरापुढे हे बोलायची हिंमत इंग्रजांच्या किनाऱ्यावर राहूनच येते. मी म्हटलं, "आमच्याकडेही सात बहिणी आहेत. पुऱ्या सात. चला, दाखवतो."

साडूभाऊंची सायकल खोक्यातून आली होती. वजन आठ किलो. घंटी नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, स्टँडसुद्धा नाही. चालवत नसाल तेव्हा ती कुणीतरी धरून उभं राहायचं. माझी सायकल काळी, बावीस इंची. तिच्या कॅरिअरवरून आजवर तांदळाचा कट्टा, गॅसचं सिलिंडर आणि प्रसंगी मुख्याध्यापकही गेले आहेत. सकाळी साडूभाऊ सायकलचा खास पोशाख घालून अंगणात आले, तेव्हा सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला आणि आतून निरोप पाठवला, "जावईबापूंना म्हणावं, वरून पायजमा तरी घाला."

पहिली फेरी सरावाची, परसवाडा-झिलमिलीच्या तलावांकडे. इकडे सारस दिसतो. माणसाच्या उंचीचा पक्षी, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात उरला आहे. धानाच्या बांधीतच घरटं करतो, आणि शेतकरी त्या घरट्याभोवतीचं धान सांभाळून कापतो. एक जोडी दिसली. साडूभाऊ कॅमेरा काढेपर्यंत नर-मादी दोघांनी त्यांच्या तंग पोशाखाकडे मान वाकडी करून नीट पाहिलं, एकदा खणखणीत ओरडले आणि पाठ फिरवून चालू लागले. सासूबाईंचंच मत, फक्त पदर नव्हता.

दुसऱ्या दिवशी खरा रूट. गोंदियाहून गोरेगाव, मुर्दोलीचं जंगल, कोहमारा आणि नवेगावबांध, साधारण पासष्ट किलोमीटर. साडूभाऊंच्या मनगटावर चढ मोजणारं घड्याळ होतं. चढ लागला की ते टुणकन वाजतं. गोरेगावपर्यंत ते वाजलं नाही. साडूभाऊंनी ते हलवून पाहिलं, कानाला लावलं, बटणं दाबली. मी म्हटलं, "बिघडलेलं नाही ते. भाताचा प्रदेश आहे. जमीन उतरती असती तर बांधीत पाणी थांबलं असतं का?"

चढ नसला तरी रस्ता सोपा नव्हता. दिवाळीनंतर आमच्या गावाकडचे अर्धे डांबरी रस्ते वाहतुकीसाठी असतात आणि अर्धे धान वाळवण्यासाठी. कडेला दगड मांडून हद्द आखलेली, मध्ये सोनेरी थर आणि एक आजीबाई पायानं धान उलथत चाललेली. ट्रकवाला मुकाट्यानं बाजूनं जातो. साडूभाऊंचा टायर बोटभर रुंद. त्यांनी हद्द ओलांडली आणि सायकल अशी सरकली की ते पंधरा फूट अंतर त्यांनी चालवत कापलं की नाचत, हे मला ठरवता आलं नाही. आजीबाईंनी काठी उगारली नाही. फक्त विचारलं, "कोठसून आलात जी?"

"गोंदियाहून."

"सायकलनं? काहून? बस नोहती का?"

या प्रश्नाला दोघांपैकी एकाकडेही उत्तर नव्हतं. पुढे दर चहाच्या टपरीवर त्याचीच उजळणी झाली. पाठोपाठ दुसरा प्रश्न यायचा, "केवढ्याची हाये?" साडूभाऊ पौंडांत सांगू लागले की मी मध्ये पडून "जुनी घेतली, स्वस्तात" म्हणायचो. एकदा त्यांनी खरा आकडा रुपयांत सांगून टाकला. टपरीवर शांतता पसरली. मग एक शेतकरीदादा सायकलीभोवती फेरी मारून म्हणाले, "एवढ्यात बैलजोडी येते जी. अन् इच्यावर तं कट्टाही ठेवता येत नाही!" सगळ्यांनी माझ्या सायकलीकडे आदरानं पाहिलं. त्या दिवसाचा तो माझा पहिला विजय.

गोरेगावच्या अलीकडे बाभळीच्या काट्यानं साडूभाऊंचं मागचं चाक बसलं. हवा भरायचं त्यांचं नळकांडं विमानतळावरच काढून घेतलं होतं. रस्त्याकडेला एक पोरगा पंक्चर काढत बसला होता. त्यानं ट्यूब काढली, परातीतल्या पाण्यात फिरवली, बुडबुडा आला तिथं बोट ठेवलं, घासलं, चिकटवलं. खरी पंचाईत पुढे होती. या सायकलीचा व्हॉल्व्ह बारीक, टोकाला इवलीशी चकती. कॉम्प्रेसरचं नोझल त्यावर बसेना. साडूभाऊ म्हणाले, "याला अडॅप्टर लागतो, तो नागपुरातच मिळेल." पोरानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. व्हॉल्व्हवरचं प्लॅस्टिकचं टोपण काढलं, ब्लेडनं त्याचं टोक उडवलं, इवलीशी चकती सैल केली, टोपण उलटं फिरवून बसवलं आणि त्यावर नोझल दाबलं. चाक टणक झालं. साडूभाऊ ते टोपण हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. पैसे विचारले तर पोरगा म्हणाला, "द्या, जे समजते ते." यावर इंग्लंडातला माणूस कायमचा अडकतो. म्हणून पैसे मी दिले.

मुर्दोलीच्या जंगलात रस्ता जरा खालीवर होतो. घड्याळ एकदा वाजलं. साडूभाऊ खुशीत आले. तेवढ्यात वन्यप्राण्यांपासून सावध करणारी पाटी आली. मी सहज सांगितलं, "नागझिरा त्या बाजूला, नवेगाव या बाजूला. २०१३ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ या जंगलातून ये-जा करताना हा रस्ताही ओलांडतो." त्यानंतर कोहमाऱ्यापर्यंत साडूभाऊंचा वेग त्यांच्या ससेक्समधल्या सर्व विक्रमांच्या पुढे गेला, असं घड्याळानं नंतर दाखवलं. मी मागेच राहिलो. बावीस इंची सायकलला घाबरता येत नाही.

कोहमाऱ्याला मुंबई-कोलकाता महामार्ग ओलांडला, आलूबोंडे खाल्ले आणि दुपार कलताना नवेगावबांधला पोचलो.

तलावाच्या पाळीवर चढलो. घड्याळ टुणकन वाजलं. समोर तलाव, जुन्या गॅझेटियरच्या हिशेबानं सतरा मैलांच्या घेराचा. भोवती डोंगरांची माळ. मी हात लांब करून दाखवलं, "या आमच्या सात बहिणी."

अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यानं हा बांध घातला. गोष्ट अशी की त्याला या कामात सात बहिणी, म्हणजे सात देवींनी हात दिला, आणि त्यांचीच नावं या शिखरांना मिळाली. कोलू पाटलाचाही पुढे देव झाला, कोलासूर. त्याचं ठाणं एका शिखरावर आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे सहा हजारांवर मालगुजारी तलाव आहेत, आणि त्यांतले कितीतरी कोहळी समाजाच्या हातचे. मारुती चितमपल्लींनी याच काठावर वनखात्याची नोकरी केली आणि माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या गावकऱ्यांकडून पाखरांची विद्या घेतली. मराठीला एक नवा वाङ्मयप्रकार मिळाला, तो या पाळीवर पायी हिंडून.

साडूभाऊ डोंगर मोजत होते. मी मुद्दाम विचारलं, "तिकडच्या बहिणींचं काय चालतं?"

"समुद्र खातो त्यांना. दरवर्षी सरासरी फूटभर मागे सरतात."

"म्हणजे त्या बहिणी झिजतात आणि आमच्या बहिणी मातीची पाटी उचलतात." साडूभाऊंनी मान्य केलं. हा माझा दुसरा विजय.

पाळीखाली एक मावशी उकडलेले शिंगाडे विकत होत्या. साडूभाऊंनी खिशातून ताकदीचं परदेशी जेल काढलं होतं, ते परत खिशात गेलं. काळं टणक साल दातानं फोडायचं, काटा ओठाला लागू द्यायचा नाही, आत पांढराशुभ्र गर. पहिल्या पुडीत त्यांनी ओठ टोचून घेतला, दुसऱ्या पुडीला सराईत झाले.

सकाळी अर्जुनी-मोरगाववरून इटियाडोह धरणाकडे गेलो. गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. भाताच्या बांध्या संपतात तिथं रंगीत पताका आणि बुद्धमंदिर. थंडीत तिथली बरीच मंडळी शहरोशहरी स्वेटर विकायला गेलेली असतात. उरलेल्यांत एका आजोबांनी साडूभाऊंची सायकल न्याहाळून शुद्ध आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत विचारलं, "कॅरिअर कोठी हाये जी?" ल्हासा असो की लाखनी, शहाण्या माणसाला पहिली तीच उणीव दिसते.

तर वाचकहो, इकडे सायकलनं यायचं असेल तर दिवाळीनंतर या. गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, तेव्हाच भरतात, रात्री दंडारीचं लोकनाट्य बघायला मिळतं. टायर जरा जाड आणा, घंटी आणि कॅरिअर लावून आणा, व्हॉल्व्हचं एक जास्तीचं टोपण खिशात ठेवा. चढाचं घड्याळ घरी ठेवलं तरी चालेल. आणि रस्त्यावर दगडांची हद्द आखून धान वाळत घातलेलं दिसलं, तर खाली उतरा आणि सायकल हातानं न्या. त्या थरात एका घराची वर्षभराची कमाई असते. आपला तर फक्त रविवार असतो.