फुकट चाललीय हो!

खडकवासल्याच्या चौपाटीवर अण्णांना भजी खायला कधी नेऊ नका. सगळं जग कढईत बघतं, अण्णा कढईखाली बघतात. भजीवाल्या मावशींची शेगडी भरभरत असते, ज्वाळा कढईच्या दोन्ही बाजूंनी वर येत असतात आणि अण्णा खिसा कापला गेल्याच्या आवाजात म्हणतात, "अहो, निम्मी उष्णता फुकट चाललीय!" मावशी झारा तसाच हवेत धरून विचारतात, "कांदा देऊ का बटाटा?"

निवृत्त इंजिनियर ही जमात तुम्हाला नवी नाही. सोसायटीच्या टाकीवर चढणारा, लिफ्टवाल्याला लिफ्ट शिकवणारा, कुणाकडे सुतार आला की मागे हात बांधून उभा राहणारा. आमच्या वाट्याला आलेल्याचं अख्खं आयुष्य पिंपरीकडच्या एका कारखान्यात बॉयलरपाशी गेलंय, एवढाच फरक. त्यामुळे वाफ दिसली की त्यांना नोटा उडताना दिसतात. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली की हे आपल्या गॅलरीतून "चालली" म्हणतात. पीएमपीच्या बसमध्ये पुढच्या बाकावर बसून इंजिनाच्या झाकणाला हात लावतात आणि ड्रायव्हरकडे खेदाने बघतात. आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा गेले तेव्हा वैकुंठ स्मशानभूमीत मी मुद्दाम अण्णांच्या शेजारी उभा राहिलो. त्यांची नजर हळूहळू धुराड्याकडे वळली तसं मी कोपर मारलं. तेवढा वेळ ते गप्प बसले. रिक्षा दांडेकर पुलाशी आल्यावर मात्र राहवेना. "तू काही म्हण, पण..."

"अण्णा, नका."

"बरं, राहिलं."

अशा माणसाने निवृत्तीनंतर जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. मागच्या सीटा काढून पलंग टाकला, ओटा केला, छोटं सिंक बसवलं. इथवर ठीक होतं. राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणच काढलंय, तेव्हा हे काही वेड नव्हे, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. धोरणाची प्रत प्लास्टिकमध्ये घालून डॅशबोर्डवर ठेवली होती. पण गाडी निघेना. स्पितीचा नकाशा झाला, तारकर्लीचा झाला, कच्छचा झाला. विचारलं की उत्तर एकच: "गरम पाण्याचं झालं की निघतोच."

यात अण्णांना एकट्याला हसण्यात अर्थ नाही. मराठी माणूस कांचनगंगेसमोर उभा केला, तरी पहाटेच्या सोनेरी शिखराआधी तो हॉटेलवाल्याला विचारतो, "गरम पाणी किती वाजेपर्यंत?" 'सहा ते नऊ' कळलं की मग त्याला हिमालय दिसायला लागतो. अंघोळ हे आपलं खरं घर आहे. ते बरोबर नेता आलं तर आपण ध्रुवावरही जाऊ.

तर पाणी तापवायचं कशावर? मी आपलं म्हणून गेलो, "बॅटरीवर हीटर लावा." मग सोसायटीच्या कट्ट्यावर माझा वर्ग भरला. एक बादली म्हणजे वीस लिटर. ते वीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्तच वीज लागते. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे सगळी मिळून सव्वा युनिटही नाही. "म्हणजे माझ्या अंघोळीत अर्धी बॅटरी आणि हिच्या अंघोळीत उरलेली अर्धी. मग दिवा कशावर लावू, तुझ्या अकलेवर?" गॅस गिझरचं नाव काढल्यावर मात्र ते चेष्टा करेनात. बंद जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि बाथरूममध्ये माणसं अशीच जातात. ते त्यांनी हळू आवाजात सांगितलं, आणि लगेच मूळ पदावर आले. "आणि मुळात विकत उष्णता घ्यायचीच कशाला? डिझेलमधली ढोबळ एक तृतीयांश शक्ती चाकांना मिळते. एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते. आणि उरलेली रेडिएटरमधून..."

"फुकट चाललीय," मी म्हणालो.

अण्णांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. इतक्या वर्षांत पहिला शिष्य मिळाला होता!

बेत असा. इंजिन थंड ठेवणारं कूलंट ८० ते ९० अंशांवर फिरत असतं. त्याच्या होजला टी मारायचा, ते एका तांब्याच्या वेटोळ्यातून न्यायचं आणि वेटोळं पाण्याच्या टाकीत बुडवायचं. कूलंट विषारी, म्हणून दोन्ही पाण्यांची गाठ पडता कामा नये. एकाने दुसऱ्याला नुसती ऊब द्यायची. टाकीसाठी अण्णा कसब्यातल्या तांबट आळीत गेले, मला घेऊन. पेशवाईपासून ठोक्यांचा आवाज ऐकत आलेली ती आळी. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"बंब आहे म्हणा की."

"बंबच, पण निखारा नको, जाळी नको, चिमणी नको."

"मग पाणी तापणार कशावर?"

"मोटारीवर."

कारागिराने माझ्याकडे पाहिलं. घरचं कुणी बरोबर आलंय, एवढं बघून त्याचं समाधान झालं असावं. टाकी मात्र त्याने देखणी केली, पंचवीस लिटरची. अण्णांनी वर जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह बसवला, नळाशी आपोआप विसण घालणारा व्हॉल्व्ह बसवला, बारा व्होल्टचा पंप जोडला, आणि ऊब फुकट जाऊ नये म्हणून सगळ्याला काकूंच्या आईने शिवलेली गोधडी गुंडाळली. यावरून घरात आठ दिवस अबोला होता. अण्णा त्या काळात मला म्हणाले, "हिचा पारा एवढा चढलाय, आणि बघ, सगळी उष्णता..."

आमच्या पलीकडे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ पासून ते पाण्याचा अभ्यास करतंय, देशभरातल्या धरणांची आणि बंदरांची लहान रूपं करून त्यांतून पाणी सोडून बघतंय. अण्णांना त्यांचं कौतुक आहे, पण बेताचं. "वेग मोजतात, उंची मोजतात. ऊब कोण मोजतो?" धरणाच्या भिंतीशी उभे राहून ते तो अफाट जलाशय बघतात, तेव्हा लोकांना सूर्यास्त आठवतो, कुणा जुन्या पुणेकराला १२ जुलै १९६१चा पूर आठवतो. अण्णा उसासा टाकतात, "एवढं पाणी! आणि सगळं गार."

पहिली सफर पानशेतची ठरली. स्पिती नाही, पानशेत. तासाभराचा रस्ता. मीही गेलो. पोहोचलो तेव्हा टाकीचा काटा ८० ला टेकलेला, अण्णा नवरदेवासारखे उतरले. पंचवीस लिटर कढत पाण्यात विसण पडलं की तीन बादल्या होतात, असं सांगून त्यांनी पडदा सारला, टॉवेल लावला आणि काकूंना म्हणाले, "चल, पहिला मान तुझा."

काकू म्हणाल्या, "मी अंघोळ करूनच निघालेय."

मीही करून निघालो होतो. अण्णासुद्धा! पारोसं घरातून निघायचं हे त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं. धरणाच्या काठी तीन बादल्या अंघोळीचं पाणी, आणि तीन स्वच्छ माणसं. परत निघाल्यावर अण्णा बराच वेळ एक शब्द बोलले नाहीत. फुकट हा शब्द गाडीत कुणीच काढला नाही.

आषाढातला रविवार होता. सिंहगडावरून उतरलेली गर्दी, चौपाटीवर कणसं घेताना रस्त्यातच थांबवलेल्या गाड्या, त्यात पाऊस. खडकवासल्याच्या धरणाच्या अलीकडे आम्ही जे अडकलो ते अडकलोच. शेजारी दुचाक्यांवर गडावरून आलेली कॉलेजची मुलं होती, चिखलाने माखलेली, दात वाजत असलेली. एका पोरीचं ढोपर फुटलं होतं. काकूंनी काच खाली करून तिला आत घेतलं, नळ सोडला, आणि ती किंचाळली, "अगं, गरम पाणी आहे!"

मग मागच्या दारापाशी रांग लागली. हात धुतले, पाय धुतले, कुणी डोक्यावरून तांब्या ओतून घेतला. अण्णा छत्री धरून उभे राहिले आणि सांगू लागले. कूलंट, वेटोळं, एक तृतीयांश, तांबट आळी, सगळं. मुलं ऐकत होती. एकाने तर विचारलं, "काका, वेटोळं तांब्याचंच का?" हा प्रश्न या माणसाला सोसायटीत कुणी विचारला नव्हता. आम्ही त्यांना येताना पाहून दूध आणायला निघतो, मी तर मागच्या जिन्याने. मुलगा परदेशी आहे, त्याचा रविवारचा फोन तब्येतीवर सुरू होतो आणि तिथेच संपतो. कारखान्यात पाळी बदलताना बॉयलरभोवती माणसं थांबायची, असं अण्णा कधीमधी सांगतात. ते मी बढाईत धरत होतो.

स्पितीचा नकाशा आता घडी घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात गेलाय. दर रविवारी पाचच्या सुमाराला अण्णा गाडी काढतात, लांबचा एक फेरा मारून पाणी तापवतात आणि ठरवून कोंडीत घालतात. वाहतूक पोलीस हातवारे करून सांगतात, इकडून नको, तिकडून जा. अण्णा बरोबर इकडूनच येतात. कोंडीतल्या माणसाला दूध आणायला जाता येत नाही, हे त्यांनी हेरलंय.

परवा काकू म्हणाल्या, "आणि दर रविवारी एवढं डिझेल जळतं, ते फुकट नाही का चाललंय?"

"फुकट कसं?" अण्णा दुखावले. "पाणी तापतंय ना!"