मत्स्यधन्वंतरी

मुंबई-ठाणे-डोंबिवलीत जिथे म्हणून मालवणी माणसाने ब्लॉक घेतला, तिथे प्रत्येक सोसायटीत हा एक असतोच. मूळ गाव मालवण, वेंगुर्ला किंवा त्यांच्या मधलं कुठलं तरी. नोकरी बँकेत नाहीतर गोदीत झालेली, आता निवृत्त. नावापुढे पदवी नाही, दारावर पाटी नाही, फीचा तर प्रश्नच नाही. पण बिल्डिंगमध्ये कोणी दोनदा शिंकलं की तिसऱ्या शिंकेला काका दारात हजर.

काकांची औषधयोजना ठरलेली. सर्दीला कुर्ल्यांचा तिखटजाळ रस्सा; नाकावाटे सर्दी आणि डोळ्यांवाटे पाणी एकदमच निघतं. तापातून उठलेल्याला मुडदुशांचं पातळ कालवण. बाळंतिणीला मोरी, म्हणजे बाळाला दुधाची ददात नाही. दहावीच्या पोराला बांगड्याचं डोकं, कारण मेंदू मेंदूने वाढतो. सोमवारी आणि गुरुवारी दवाखाना बंद. त्या दिवशी आजारी पडणाऱ्याने आपलं आपण बघावं.

नाडी ते धरत नाहीत. बाजारात पापलेटकडे बघतात त्याच नजरेने पेशंटचे डोळे न्याहाळतात, खालची पापणी कल्ल्यासारखी ओढून लाली तपासतात आणि निदान सांगतात, "शिळो झालंस रे."

अलीकडे मात्र काकांनी शरीर सोडून मनाकडे मोर्चा वळवला आहे. निमित्त झालं एका झेरॉक्सचं. १९९८ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात जोसेफ हिबेल्न यांनी मांडलं होतं की ज्या देशांत मासे जास्त खाल्ले जातात, तिथे नैराश्याचं प्रमाण कमी दिसतं. तो कागद काका आधार कार्डासोबत खिशात बाळगतात. आता कोणी उदास दिसला की पहिला प्रश्न एकच: "शेवटचो बांगडो कधी खाल्लंस?"

पाचव्या मजल्यावर खऱ्या मनोविकारतज्ज्ञ राहतात. स्वतः शुद्ध शाकाहारी. लिफ्टमध्ये काकांनी त्यांच्यासमोर कागद नाचवला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, जपानात मासे जास्त खातात, तशा चॉपस्टिक्सही जास्त वापरतात. म्हणून मी पेशंटला काड्या लिहून देऊ?" वर त्यांनी हेही सांगितलं की अमेरिकेत अठरा हजारांवर माणसांना पाचेक वर्षं ओमेगा-३ च्या नाहीतर नकली कॅप्सूल देऊन पाहिल्या; २०२१ साली निष्कर्ष आले, पण नैराश्य टाळायला ओमेगा-३ चा उपयोग काही दिसला नाही.

"कॅप्सूल!" काकांना हसू आवरेना. "मॅडम, कॅप्सूलला काटे असतात का?"

या प्रश्नात काकांची सगळी उपचारपद्धती आली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका तरुणाची नोकरी गेली आणि तो पडदे ओढून खोलीत पडून राहू लागला. मॅडमनी गोळ्या सुरू केल्या. काकांनी भल्या सकाळी घंटी वाजवून त्याला अंथरुणातून काढला, हातात पिशवी दिली आणि थेट मासळी बाजारात नेला. तिथे कोळणीने भाव सांगितला, याने निमूटपणे पाकीट काढलं. काका खेकसले, "अरे, घासाघीस कर! तिचा पण अपमान होतो." पोरगं पुटपुटलं, कोळणीने त्याच्या सात पिढ्या काढल्या आणि कित्येक दिवसांनी त्याच्या तोंडावर काहीतरी हललं. दुपारी काकांनी ताटात मुद्दाम तारल्या वाढल्या. तारलीत केसासारखे काटे. गेलेल्या नोकरीचा विचार करत तारली खाणाऱ्याला लगेच भाताचा कोरडा गोळा गिळावा लागतो. ते जेवण होईपर्यंत पोराच्या मनात तारलीवाचून दुसरं काही येऊ शकलं नाही.

"याला आम्ही बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतो," मॅडम म्हणाल्या. "सकाळी उठवायचं, बाहेर काढायचं, हाताला काम आणि माणसांची सोबत द्यायची. गोळ्या तेवढ्या बंद करू नका." काका उदारपणे म्हणाले, "छे! गोळी सकाळी, तारली दुपारी."

काकांची खरी परीक्षा पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. पुढे काकूंचा श्रावण. सुकट-बोंबलांवर जुलै कसाबसा निघतो, पण श्रावणातल्या दुधीच्या भाजीसमोर धन्वंतरी पार कोलमडतात. झोप नाही, चिडचिड, टीव्हीवर समुद्र दिसला तरी उसासे. गेल्या वर्षी ते गुपचूप मॅडमच्या दवाखान्यात जाऊन आले, आणि मग स्वतःच सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटले. पाऊण तास ते सुरमईबद्दल बोलले, मॅडमनी ऐकून घेतलं. फी घेतली नाही. फक्त निघताना दार लोटून हळूच विचारलं, "काका, नारळी पौर्णिमेनंतर हलवा स्वस्त कधी होतो हो? आमच्या ह्यांना चालतं."